खंडनासाठी उतरवून घेतलेला हेराक्लायटस : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या ख्रिस्ती मंडळीत एक वाद चिघळला होता. देव एकच आहे हे सगळ्यांना मान्य होतं. मग पिता आणि पुत्र असे दोघं कसे? आशिया मायनरमधल्या स्मर्ना शहराच्या नोएटसनं याला सोपं उत्तर दिलं होतं : दोघं नाहीतच, एकाच देवाची ती दोन नावं. तो मनात आणतो तेव्हा अदृश्य असतो, मनात आणतो तेव्हा दिसतो. तो अजन्मा आहे आणि जन्मलाही. तो अमर आहे आणि क्रुसावर मेला तोही तोच. नोएटसचा शिष्य एपिगोनस हे मत घेऊन रोमला आला, त्याच्या मागून क्लिओमेनीसनं तिथं शिकवायला सुरुवात केली. रोमचा बिशप झेफिरिनस आणि त्याच्यानंतर २१७ ते २२२ या काळात बिशप झालेला कॅलिस्टस, दोघांनीही या मंडळींना मोकळीक दिली, अशी तक्रार आपल्याला एका ग्रंथात वाचायला मिळते.

त्या ग्रंथाचा कर्ता हा या प्रकरणातला निर्णय घेणारा माणूस. ‘सर्व पाखंडांचं खंडन’ अशा अर्थाचं शीर्षक असलेला त्याचा ग्रीक ग्रंथ दहा भागांचा आहे. बहुतेक अभ्यासक त्याला हिप्पोलिटस म्हणतात, काहींना ते पटत नाही. मी इथं त्याला ‘ग्रंथकार’ एवढंच म्हणणार आहे, कारण त्याच्या नावावाचून प्रकरणाचं काही अडत नाही. तो विद्वान होता, चिडका होता आणि या भांडणात स्वतः एक पक्ष होता. पित्यापासून प्रकट झालेला ‘लोगोस’ (ग्रीकमध्ये शब्द, विवेक) म्हणजे पुत्र, आणि तो पित्याहून वेगळा ओळखता येतो, असं त्याचं मत. त्यावरून कॅलिस्टसनं त्याच्या गटाला ‘दोन देव मानणारे’ म्हणून हिणवलं होतं. हा घाव त्याला बराच लागलेला दिसतो.

या प्रकरणातला दुसरा माणूस सातशे वर्षांपूर्वीच वारलेला. एफेससचा ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस इ.स.पू. ५००च्या सुमारास होऊन गेला. त्यानं एकच पुस्तक लिहिलं आणि ते आर्टेमिसच्या देवळात ठेवलं, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्शियस सांगतो. पुस्तक आज नाही. उरली आहेत ती दुसऱ्यांच्या लिखाणात अडकलेली सव्वाशेच्या आसपास वचनं.

त्या वचनांमध्ये दोन गोष्टी पुन्हापुन्हा येतात. एक लोगोस : सगळं ज्याच्यानुसार घडतं तो सर्वांना समान असलेला विवेक, जगाची रीत. तो सगळ्यांचा असूनही माणसं आपापली खासगी अक्कल असल्यासारखी जगतात, हे हेराक्लायटसचं कायमचं गाऱ्हाणं. दुसरी गोष्ट विरोधांची एकता : दिवस आणि रात्र, वरची वाट आणि खालची वाट, युद्ध आणि शांती. या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जोडायच्या, याच ठिकाणी ग्रंथकाराचा निर्णय निर्णायक ठरला. आपण काय ठरवतो आहोत याची त्याला पुसटही कल्पना नव्हती, हे वेगळं.

अडचण

ग्रंथकाराला नोएटसच्या मताला पाखंड ठरवायचं होतं. पण नोएटस काही देव सोडून बोलत नव्हता. ‘देव एकच’ हे वाक्य बायबलचंच. त्याच्यावर सरळ हल्ला केला तर ‘दोन देव मानणारे’ हा आरोप आणखी घट्ट बसणार. म्हणजे हे मत चुकीचं आहे एवढं दाखवून भागणार नव्हतं. ते बाहेरचं आहे, ख्रिस्ती मुळातून आलेलंच नाही, हे सिद्ध करायला हवं होतं.

समोरचे पर्याय

शास्त्रवचनांवरून वाद घालणं हा पहिला पर्याय. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच लोगोसनं होते, तेव्हा सामग्री हाताशी होती. नोएटसविरुद्ध असा शास्त्राधारित प्रतिवाद करणारं एक स्वतंत्र लिखाण हिप्पोलिटसच्या नावावर आहे. पण शास्त्रवचनं दोन्ही बाजूंना सापडतात.

माणसाची अब्रू काढणं हा दुसरा, आणि तो ग्रंथकारानं सोडलेला नाही. नवव्या भागातच कॅलिस्टसचं चरित्र येतं : तो मूळचा गुलाम, मालकानं त्याला पेढी चालवायला दिली, ठेवीदारांचे पैसे बुडाले, तो पळाला, जहाजावर सापडल्यावर समुद्रात उडी मारली, पुढे सार्डिनियाच्या खाणींत गेला. वाचायला रंगतदार आहे. खरं किती, ते विरोधकाच्या लेखणीतून आल्यामुळे ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरा पर्याय संपूर्ण ग्रंथाचा साचाच होता : प्रत्येक पाखंड्याला एकेक ग्रीक तत्त्वज्ञ जोडून द्यायचा. व्हॅलेंटायनसला पायथॅगोरस आणि प्लेटो, बासिलिडीजला ॲरिस्टॉटल, मार्शनला एंपेडोक्लीस. या साच्यात नोएटसच्या वाट्याला हेराक्लायटस आला. हे लोक ख्रिस्ताचे शिष्य नाहीत, हेराक्लायटसचे आहेत, एवढं दाखवलं की काम फत्ते.

तिसऱ्या पर्यायातही दोन वाटा होत्या. हेराक्लायटसचं मत स्वतःच्या शब्दांत थोडक्यात सांगायचं, की त्याची वाक्यं समोर ठेवायची? पहिल्या भागात ग्रंथकारानं पहिली वाट धरली होती. तिथं हेराक्लायटस एंपेडोक्लीसला चिकटवून काही ओळींत उरकलेला आहे. तो मजकूर वाचून हेराक्लायटस कोण होता याचा पत्ता लागणार नाही.

पहिला निर्णय : वाक्यंच उतरवायची

नवव्या भागात ग्रंथकार म्हणतो की हे आधी सांगून झालं आहे, तरी पुन्हा मांडतो, म्हणजे साम्य डोळ्यांसमोर येईल. आणि मग तो एकामागून एक अवतरणं देत सुटतो. त्यांत इओनियन बोलीची जुनी रूपं जशीच्या तशी आहेत. तिसऱ्या शतकातल्या रोममध्ये तशी ग्रीक कुणी लिहीत नव्हतं. म्हणजे माणूस समोरच्या मजकुरावरून नक्कल करत होता. तो मजकूर मूळ पुस्तकाची प्रत होती की कुणी केलेलं संकलन, यावर अभ्यासकांची मतं विभागलेली आहेत.

आपल्याकडे पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त आहे. खंडन करायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या ताकदीनिशी मांडायचं. चार्वाकांचं बरंचसं आपल्याला कळतं ते त्यांना खोडणाऱ्यांकडून. माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ तर त्यांच्यापासूनच सुरू होतो. ग्रंथकाराला अशी काही शिस्त पाळायची नव्हती. त्याला फक्त पुरावा जाडजूड हवा होता. परिणाम मात्र पूर्वपक्षाचाच झाला.

दुसरा निर्णय : काय निवडायचं

निवडीचा निकष उघड आहे. ज्या वाक्यात दोन विरोधी गोष्टी एकत्र येतात, ते वाक्य उचलायचं. म्हणून आपल्याला हे सगळं सलग मिळतं : जुना कवी हेसिअड बहुतेकांचा गुरू, पण त्याला दिवस आणि रात्र ओळखता आली नाहीत, ती एकच आहेत. वैद्य रोग्याला कापतात, डागतात, छळतात आणि वर फी मागतात. वरची वाट आणि खालची वाट एकच. समुद्राचं पाणी सगळ्यांत शुद्ध आणि सगळ्यांत घाण : माशांना पिण्याजोगं आणि जीवनदायी, माणसांना न पिण्याजोगं आणि घातक. अमर ते मर्त्य, मर्त्य ते अमर.

होमरची गोष्टही यातच आहे. उवा मारणाऱ्या पोरांनी त्याला कोडं घातलं : ‘जे दिसलं आणि पकडलं ते टाकून आलो, जे दिसलं नाही नि पकडलं नाही ते बरोबर आणलं.’ ग्रीकांमधल्या सर्वांत शहाण्या माणसाला उत्तर येईना. दिसणाऱ्या गोष्टींच्या बाबतीतही माणसं कशी फसतात, हे हेराक्लायटसला दाखवायचं होतं. ग्रंथकाराला त्यात दिसलं ते एवढंच : दृश्य आणि अदृश्य यांना हा माणूस सारखंच लेखतो, म्हणजे नोएटसचा देव इथूनच आला. ‘लपलेली सुसंगती उघड सुसंगतीहून बलवत्तर’ हे वचन आणि ‘जे पाहता, ऐकता, शिकता येतं त्याला मी जास्त मान देतो’ हे वचन त्यानं शेजारी शेजारी लावलं ते याच हेतूनं. माझ्या मते या दोन वाक्यांत विरोध नाही. डोळे-कान उघडे ठेवल्याशिवाय लपलेल्या जोडणीपर्यंत पोचता येत नाही, आणि नुसत्या डोळ्या-कानांनी ती हाती लागत नाही. पण खटला चालवणाऱ्याला एवढं थांबायला वेळ कुठला.

तिसरा निर्णय : अर्थ लावायचा तो आपल्या बाजूनं

नुकसान झालं ते इथं. ग्रंथकार अवतरणांच्या आधी एक यादी देतो : हेराक्लायटसच्या मते विश्व विभक्त-अविभक्त आहे, जन्मलेलं-अजन्मा, मर्त्य-अमर, लोगोस, शाश्वत काळ, पिता, पुत्र, न्यायी देव. या यादीतले ‘पिता, पुत्र’ कुठून आले? मिळालेल्या एकाही वचनात हेराक्लायटस अशी जोडी लावत नाही. ती नोएटसची जोडी. आरोपीच्या खिशातली वस्तू साक्षीदाराच्या खिशात घालून मग झडती घेतल्यासारखं हे झालं.

यादी एकदा ठरल्यावर पुरावे तिच्यात बसवणं आलं. ‘आयुष्य म्हणजे सोंगट्या खेळणारं पोर, राज्य पोराचं’ हे वचन ‘पुत्र’ या खात्यात गेलं. ‘पिता’साठी त्यानं दिलेलं वचन तर पाहण्यासारखं आहे : ‘युद्ध सगळ्यांचा बाप, सगळ्यांचा राजा, काहींना त्यानं देव म्हणून दाखवलं, काहींना माणसं म्हणून, काहींना गुलाम केलं, काहींना स्वतंत्र.’ या वाक्यातला बाप म्हणजे युद्ध. देवाच्या पितृत्वाचा पुरावा म्हणून ते आणणं हे धाडसच. पुढे एका वचनात कुणी ‘उठून जिवंतांचे आणि मेलेल्यांचे जागे राखणदार होतात’ असं येतं, तर त्यात ग्रंथकाराला देहाचं पुनरुत्थान दिसतं. ‘अग्नी येऊन सगळ्यांचा न्याय करील’ म्हणजे शेवटचा निवाडा. हेराक्लायटसला ख्रिस्ती करून घेतल्यावर नोएटस हेराक्लायटसवादी ठरणं अवघड नव्हतं.

आणखी एक बारीक पण मोठी गफलत आहे. हेराक्लायटसच्या जोड्या एका जातीच्या नाहीत. समुद्राच्या पाण्याचे दोन गुण पिणारा बदलल्यामुळे दिसतात. वर-खाली वाट ही चालणाऱ्याच्या दिशेची गोष्ट. दिवस-रात्र एकामागून एक येतात आणि दोन्ही मिळून एक फेरा पुरा होतो. धनुष्य आणि वीणा यांच्या वचनात एकता ताणातून येते : ‘जे स्वतःशी भांडतं तेच स्वतःशी जुळतं कसं, हे त्यांना कळत नाही, उलट वळणारी जोडणी, जशी धनुष्याची नि वीणेची.’ तार ढिली केली तर भांडण मिटेल आणि वीणाही संपेल. या सगळ्यांना ‘अमुक म्हणजेच तमुक’ या एका साच्यात ओतलं की विचार नाहीसा होतो आणि शब्दांचा खेळ उरतो.

या वेगवेगळ्या जोड्यांना धरून ठेवतो तो लोगोस. दुसऱ्यांनी जपलेली वचनं पाहिली की हे स्पष्ट होतं : जगाचा सदा जिवंत अग्नी ठरल्या मापानं पेटतो, ठरल्या मापानं विझतो, सूर्य आपलं माप ओलांडणार नाही, ओलांडलंच तर न्यायाच्या सेविका त्याला गाठतील. माप आहे म्हणून पालट हा गोंधळ होत नाही. ग्रंथकारानं मापाची ही वचनं घेतली नाहीत. लोगोसची वाक्यं त्यानं दिली, पण यादीतलं एक नाव म्हणून; स्वतःच्या धर्मशास्त्रात ज्याला इतकं महत्त्व, त्या लोगोसचा हेराक्लायटसच्या लिखाणातला अर्थ काय, हे त्यानं विचारलंच नाही.

निकाल

तातडीचा निकाल ग्रंथकाराच्या विरुद्ध गेला. कॅलिस्टस बिशप राहिला, त्याच्या मागचे बिशपही त्याच परंपरेत मोजले गेले. ग्रंथाचा पहिला भाग भलत्याच लेखकाच्या, ओरिजेनच्या, नावावर फिरत राहिला. दुसरा-तिसरा हरवले ते कायमचे.

मग १८४२ साली मिनोइडीस मिनास या ग्रीक विद्वानाला माउंट ॲथॉसच्या मठात चौदाव्या शतकातलं एक हस्तलिखित मिळालं. त्यात चौथ्या ते दहाव्या भागाचा मजकूर होता. ते पॅरिसला आलं आणि १८५१ साली एमॅन्युएल मिलरनं ऑक्सफर्डहून छापलं. तेव्हाही ओरिजेनच्याच नावावर.

या तारखेचं महत्त्व असं. श्लायरमाखर या जर्मन विद्वानानं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेराक्लायटसची ७३ वचनं गोळा केली, तेव्हा नववा भाग कुणाला ठाऊक नव्हता. हेराक्लायटसचं एकही वचन असं नाही जे मी माझ्या तर्कशास्त्रात घेतलेलं नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ हेगेल म्हणत असे; तो १८३१ साली वारला. म्हणजे विरोधांच्या एकतेचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता तिची सर्वांत सलग साक्ष न वाचताच गेला. ॲरिस्टॉटलनं ‘एकच गोष्ट आहे आणि नाही’ असं म्हणण्याचा आरोप काही लोक हेराक्लायटसवर करतात हे नोंदवलं होतं, त्याच आरोपाच्या सावलीत तोवरचं बरंच वाचन चाललं होतं.

पुढे हेर्मान डील्स या जर्मन अभ्यासकानं सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांची वचनं एकत्र छापली. हेराक्लायटसच्या पुस्तकाचा मूळ क्रम सापडणं शक्य नाही असं मानून त्यानं सुरुवातीची दोन वगळता बाकीची वचनं ती उद्धृत करणाऱ्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमानं लावली. त्यात ५० ते ६७ हे सलग क्रमांक या ग्रंथकाराचे आहेत. त्यांतली काही प्लुटार्क वगैरेंकडेही मिळतात. पण समुद्राचं पाणी, हेसिअडची दिवस-रात्र आणि ‘देव म्हणजे दिवस-रात्र’ ही आपल्यापर्यंत पोचली ती याच्यामुळे.

पन्नासावं वचन तर सगळ्या प्रकरणाचा गाभा : ‘माझं नव्हे, लोगोसचं ऐकून, सगळं एक आहे हे मान्य करणं शहाणपणाचं.’ विश्वविवेक आणि एकता एकाच ओळीत. हस्तलिखितात मात्र ‘लोगोस’च्या जागी ‘मत’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि ‘आहे’च्या जागी ‘जाणणं’. पहिली दुरुस्ती याकोब बर्नेजची, दुसरी मिलरची. दोन्ही मला पटतात. आजूबाजूचा मजकूर लोगोसबद्दलच चालला आहे, आणि ‘माझं नव्हे’ म्हटल्यावर पुढे ‘मताचं’ येणं विचित्र. तरीही आपण जे वचन हेराक्लायटसचं सार म्हणून उद्धृत करतो ते एकोणिसाव्या शतकातल्या दोन संपादकांच्या निर्णयावर उभं आहे, हे डोळ्यांआड करू नये.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रंथकाराकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. अवतरण कुठं संपलं आणि आपलं भाष्य कुठं सुरू झालं याची खूण. आणि नापसंत वचनांनाही जागा. मापाची दोन वाक्यं त्यानं दिली असती तर त्याचा स्वतःचा युक्तिवादच अडचणीत आला असता, कारण मग हेराक्लायटसची एकता नोएटसच्या एकतेपेक्षा वेगळी दिसली असती. तेव्हा ही अपेक्षा भाबडी आहे, हे मान्य. त्यानं सारांशाऐवजी वाक्यं दिली यावरच समाधान मानायला हवं. सारांश दिला असता तर पहिल्या भागातल्यासारखी चार निर्जीव वाक्यं उरली असती.

नंतरच्या वाचकांची बाब वेगळी. दीर्घकाळ संपादकांनी ही वचनं ग्रंथकाराच्या मजकुरातून चिमट्यानं काढली आणि भोवतालचं टाकून दिलं. १९८७ साली कॅथरीन ऑस्बर्न या अभ्यासिकेनं याला हरकत घेतली : उद्धृत करणाऱ्याचा हेतू न वाचता वचन वाचणं म्हणजे त्याची निवड नकळत स्वीकारणं. हरकत रास्त आहे. मी मात्र तिच्याइतका दूर जाणार नाही. ग्रंथकाराचा अर्थ हा हेराक्लायटसचा एक संभाव्य अर्थ म्हणून ऐकावा, पण जिथं त्याला पिता-पुत्र हवेत तिथं त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वाक्य ठेवावं, यादी बाजूला काढावी.

सदुसष्टाव्या वचनावर ही पद्धत वापरून पाहता येते. ग्रंथकार म्हणतो की या परिच्छेदात हेराक्लायटसनं आपलं सगळं मन एकत्र उघड केलं. मग वचन : ‘देव म्हणजे दिवस-रात्र, हिवाळा-उन्हाळा, युद्ध-शांती, तृप्ती-भूक.’ पाठोपाठ ‘म्हणजे सगळे विरोधी, अर्थ असा’ असे शब्द येतात, आणि ते ग्रंथकाराचे आहेत. ते वगळले की वाक्य सरळ पुढे जातं : ‘तो पालटतो, जसा … धुपात मिसळला की ज्याच्या त्याच्या वासावरून नाव घेतो.’ मधला एक शब्द हस्तलिखितात गळला आहे. डील्सनं तिथं ‘अग्नी’ घातला. हेर्मान फ्रेंकेलनं सुगंधी तेलाचा आधार म्हणून ‘तेल’ सुचवलं. तेलही चालेल, वास त्यातही मुरतो. मी अग्नीच्या बाजूचा आहे. मापानं पेटणारा आणि विझणारा तोच, चौसष्टाव्या वचनात सगळं हाकणारी वीज त्याचीच, आणि वेदीवर ऊद टाका की धूप टाका, तो स्वतः अग्नीच राहतो. देव ‘सगळे विरोधी’ आहे असं वचन म्हणत नाही. विरोधी नावं घेत एकच राहणारं काहीतरी आहे, असं म्हणतं. ग्रंथकाराच्या भाष्यात नेमका हाच फरक पुसला गेला आहे.